गोल घेराची दुमड: चुण्या आणि पीळ कशामुळे पडतात, आणि त्यावर काय करायचं

कराडच्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्या घरी शिवणकाम करतात. परकर, ब्लाउज, सरळ कुर्ते नीट जमतात. पण अंब्रेला फ्रॉक (छत्रीसारखा गोल घेर) किंवा ॲपल कटची (खालची कड गोल वळणाची) कुर्ती घेतली की खालची दुमड बसत नाही. कुठे बारीक चुण्या पडतात, कुठे दुमडीला तिरका पीळ बसतो, आणि कितीही इस्त्री केली तरी कड वरखाली दिसते. एक फ्रॉक असाच बिघडून पडला आहे आणि गिऱ्हाईक शनिवारी न्यायला येणार आहे. "माझा हातच वळत नाही का?" असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

ताई, हाताचा यात फार थोडा भाग आहे. सरळ कुर्त्याची दुमड ज्या हाताला जमते, त्याला गोल घेराचीही जमते. बिघडतं ते मशीनवर बसायच्या आधी, दुमड किती घ्यायची हे ठरवताना. सरळ कापडाला इंचभर दुमड घ्यायची सवय आपल्याला लागलेली असते आणि तीच आपण घेराला लावतो. सांगलीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी घेराला हात लावू द्यायच्या आधी कागद-पेन्सिल देते. तुम्हीही आधी हिशेब बघा, मग सुई-दोरा.

पाच-सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक धरू. कंबर २२ इंच, कंबरेपासून खाली लांबी १८ इंच, पूर्ण गोल अंब्रेला. २२ ला ६.२८ नं भागलं की साडेतीन इंच येतात, ती आतल्या गोलाची त्रिज्या. त्यात १८ मिळवले की साडेएकवीस. या त्रिज्येच्या गोलाची कड मोजली तर १३५ इंच भरते. आता तुम्ही एक इंच आत दुमडलंत. कापलेली कड कुठे जाऊन बसली? पहिल्या जागेपासून दोन इंच वर. घडी एक इंचावर पडली आणि घडीपासून कड आणखी एक इंच वर गेली. त्या जागेला घेर भरतो १२२ इंचांच्या थोडा वर. म्हणजे १३५ इंचांची कड तुम्ही १२२.५ इंचांत कोंबताय. साडेबारा इंच कापड जास्तीचं आहे आणि त्याला जायला जागा नाही. तुमच्या चुण्या म्हणजे हेच साडेबारा इंच.

तीच दुमड अर्ध्या इंचाची केली तर जास्तीचं कापड सव्वासहा इंच होतं. पाव इंचाची केली तर तीन इंचांच्या जरासं वर. पूर्ण गोलात दुमडीच्या साडेबारा पट, अर्ध्या गोलात सव्वासहा पट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दोनदा दुमडून शिवत असाल तर तयार दुमडीची रुंदी धरून हाच हिशेब करायचा. आणि घेराची लांबी वाढली म्हणून हा आकडा वाढत नाही. मोठ्या बाईच्या घागऱ्यातही इंचभर दुमडीला साडेबारा इंचच जास्तीचे, पण तिथे ते पावणेतीनशे-तीनशे इंचांच्या कडेवर पसरतात, म्हणून डोळ्यांवर येत नाहीत. लहान मुलीच्या फ्रॉकला ते १३५ इंचांतच मुरवायचे असतात. म्हणजे लहान फ्रॉकची दुमड मोठ्या घागऱ्यापेक्षा अवघड असते. गिऱ्हाईक उलटं समजतं आणि छोट्या फ्रॉकचे पैसे कमी देतं. निदान शिवणाऱ्या बाईनं तरी हे ओळखून भाव सांगावा, असं मला फार वाटतं.

आता कापड किती जास्तीचं पोटात घेतं? माझा अनुभव असा. कडेच्या दर १० इंचांमागे पाव इंच जास्तीचं असेल तर सुती कापड काहीही न करता ते जिरवतं. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर आधी दोरा ओढून आणि वाफ देऊन मुरवावं लागतं. त्यापुढे गेलात की चुणी पडणारच. पॉलिस्टरचं जॉर्जेट, क्रेप, साटिन यांना हा अर्धा इंचही सोसत नाही, कारण ती कापडं वाफेनं आक्रसत नाहीत. आपल्या फ्रॉकला पाव इंच दुमड घेतली तर दर १० इंचांमागे पाव इंचाहून किंचित कमी जास्तीचं येतं. अर्धा इंच घेतली तर अर्ध्या इंचाच्या आत येतं. म्हणून लहान मुलींच्या पूर्ण गोल फ्रॉकला मी दोन सुतांची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच) दुमड घेते, कापड पॉपलीन किंवा केंब्रिक असेल आणि आई आग्रह धरत असेल तर चार सूत. त्याच्या वर नाही. "पुढच्या वर्षी सोडता यावी म्हणून दुमड जास्त ठेवा" असं आया सांगतात. सरळ चुण्यांच्या फ्रॉकला जरूर ठेवावी. अंब्रेलाला ते जमत नाही हे शांतपणे समजावून सांगावं आणि कापड उरलं तर त्याची झालर पुढे लावता येईल म्हणून बांधून परत द्यावं.

ॲपल कटचा प्रश्न याहून तापदायक आहे. तिथली कड लांबीला थोडी, पण वळण घट्ट. सहा इंच त्रिज्येच्या वळणाला दोन सुतांची दुमड घेतली तर दर १० इंचांमागे पाऊण इंचाहून जास्त कापड उरतं. म्हणजे फ्रॉकच्या चार सुतांच्या दुमडीच्या जवळजवळ दुप्पट त्रास. त्यामुळे दुमड किती घ्यायची ते एकूण घेर बघून ठरवायचं नाही, वळण किती घट्ट आहे ते बघून ठरवायचं. माझी पद्धत अगदी घरगुती आहे. कापलेल्या वळणावर स्वयंपाकघरातलं ताट ठेवून बघायचं. वळण ताटापेक्षा बरंच मोठं असेल तर दोन सुतांची दुमड बिनधास्त. ताटाच्या कडेशी जुळत असेल तर एकच सूत. वाटीच्या कडेशी जुळत असेल तर दुमडायचंच नाही, उरेब पट्टी (कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली पट्टी) किंवा त्याच कापडाची, त्याच वळणाच्या आकारात कापलेली पट्टी लावून आत घ्यायचं. ताट-वाटी हाताशी असते आणि यात चूक होत नाही.

दुमडीआधीचं एक काम बहुतेक जणी गाळतात. पूर्ण गोल कापड कापलं की त्यात चार ठिकाणी उरेब येतो, आणि उरेब कापड स्वतःच्या वजनानं खाली ओघळतं. आज कापून आजच दुमडलेला घेर आठवड्यानं चार कोपऱ्यांना लोंबलेला दिसतो. तुमची कड इस्त्रीनंतरही वरखाली दिसते, त्याचं मुख्य कारण हेच असावं. कंबर जोडून झाली की फ्रॉक किमान एक रात्र, जॉर्जेट किंवा क्रेप असेल तर पूर्ण दिवस-रात्र, हँगरला कंबरेपासून नीट पसरून टांगून ठेवा. घडी घालून ठेवू नका, खुर्चीच्या पाठीवर टाकू नका. आपल्याकडे पावसाळ्यात, कृष्णाकाठची हवा दमट असताना, कापड जास्तच ओघळतं, तेव्हा मी आणखी एक रात्र देते. मगच लांबी सारखी करायची. मुलगी समोर असेल तर तिला स्टुलावर उभं करून, स्टुलाच्या फळीवर लाकडी पट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर खडूची खूण करायची. मुलगी फिरते, पट्टी जागची हलत नाही. मुलगी नसेल तर कंबरेच्या शिलाईपासून टेप सरळ खाली सोडून दर चार बोटांवर खूण करायची आणि खुणा हातानं जोडून गोल काढायचा. उरेबाच्या जागी कधी कधी अर्धा इंचसुद्धा वाढलेला निघतो. तो कापून टाकायला जीव धजत नाही, पण तो तिथे राहिला तर दुमड कितीही सुरेख घातली तरी फ्रॉक वाकडाच दिसेल.

कळीदार कुर्त्यात वेगळी तपासणी करावी लागते. दोन कळ्या जोडल्या की जोडाच्या जागी खाली छोटं टोक येतं. ते कात्रीनं गोल करून घ्या. जोडाची शिवणही दुमडीच्या भागात सरळ बाहेर जाऊ देऊ नका. कळी खाली रुंद होत जाते. घडीच्या रेषेखाली मात्र ती तेवढीच पुन्हा अरुंद होत गेली पाहिजे, म्हणजे दुमडल्यावर दुमडीचा भाग वरच्या कापडावर बरोबर पडतो. जोडाच्या जागी शिवणीचं जादा कापड दुमडीपुरतं अर्धं कापून दोन्हीकडे उघडून इस्त्री करा, नाहीतर मशीनचा फूट तिथे चढतो आणि पुढचे दोन टाके लांब पडतात.

आता प्रत्यक्ष शिलाई. दोन सुतांपर्यंतच्या दुमडीसाठी मी तीन टिपांची पद्धत वापरते आणि तीच तुम्हाला सांगेन, कारण तिला वेगळा फूट लागत नाही, काळ्या पायमशीनवरही होते. घडीला तीन सूत जादा ठेवून कापा. कडेपासून दोन सुतांवर एक टीप मारून घ्या, एकेरी कापडावर, साधारण अडीच मिलिमीटरचा टाका. ही टीप उरेब जागी कापड ताणू देत नाही आणि घडीची रेषाही दाखवते. मग त्या टिपेवर कापड आत वळवा, टीप दोऱ्याभर आत जाईल अशी. इस्त्री करा. घडीला अगदी खेटून दुसरी टीप मारा. आता लहान, धारदार कात्रीनं दुसऱ्या टिपेच्या वर राहिलेली कड टिपेच्या जवळून कापून काढा. हे काम सावकाश, कापड टेबलावर सपाट ठेवून करा. त्यानंतर पुन्हा एकदा आत वळवा, या वेळी वळण आपोआप एका सुताचं येतं, आणि तिसरी टीप बरोबर दुसरीच्या ओळीवरून न्या. पुढून एकच टीप दिसते, आतून दोन. जास्तीचं कापड कापून गेलेलं असतं, म्हणून चुणीला आधारच उरत नाही. वेळ तिप्पट लागतो. गिऱ्हाईकाच्या हातात दिलेला फ्रॉक ते उलटून बघतं तेव्हा त्या वेळेचं चीज होतं.

चार सुतांची दुमड सुती कापडाला घालायची असेल तर दोरा ओढायची पद्धत. कड इंटरलॉक करून घ्या, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कडेवरून शिलाई घालून घ्या. मग कडेपासून एका सुतावर, मशीनला येतो तेवढा मोठा टाका लावून, वरचा ताण थोडा सैल करून टीप मारा. पूर्ण १३५ इंच एका दमात मारू नका. घेराचे चार भाग करा, प्रत्येक भागाला वेगळी टीप, दोन्ही टोकांना चार-चार इंच दोरा मोकळा. दुमड घडीवर आत वळवा आणि आतल्या बाजूचा बॉबिनचा दोरा हळूहळू ओढा. कड आक्रसत जाऊन खालच्या कापडावर सपाट पडेल. पडली की थांबा. जास्त ओढलंत तर घडीच आत वळायला लागेल. बोटांनी जास्तीचं कापड सारखं वाटून घ्या, ओला मलमलचा फडका टाका आणि इस्त्री वरून दाबा. दाबा आणि उचला, सरकवू नका. घेराच्या कडेनं इस्त्री ओढली की उरेब ताणतो आणि इतका वेळ मुरवलेलं सगळं पुन्हा बाहेर येतं. वाफेची इस्त्री नसली तरी काही अडत नाही, ओल्या फडक्यानं तेवढंच काम होतं. फडका वाळेपर्यंत दाबायचं आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचं नाही. हे थंड होणं फार महत्त्वाचं आहे. गरम कापड उचललं की घडी सैलावते.

घडी सगळीकडे सारखी यावी म्हणून जाड पुठ्ठ्याचा साचा करून ठेवा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद याला उत्तम. कागदी कटिंगवरून खालच्या वळणाचा वीतभर तुकडा पत्रिकेवर काढून कापा, तो कापडाच्या उलट्या बाजूला ठेवा, कड त्याच्यावर वळवून इस्त्रीनं दाबा, साचा पुढे सरकवा. ॲपल कटला तर मी साच्याशिवाय घडीच घालत नाही. डावी आणि उजवी बाजू सारखी यायची असेल तर एकच साचा दोन्हीकडे उलटून वापरायचा. नुसत्या नजरेनं दोन्ही वळणं सारखी येत नाहीत.

ॲपल कटमध्ये आणखी एक गोष्ट असते. मधला भाग बाहेर फुगलेला, पण बाजूच्या शिवणीजवळ वळण उलटं, आत गेलेलं असतं. तिथे हिशेब उलटा होतो. दुमडलेली कड जिथे बसायची ती जागा मोठी, कड आखूड. कापड कमी पडतं, म्हणून तिथे चुणी पडत नाही, ओढ बसते आणि कुर्तीची कड बाहेर वळते. या भागात दुमड एकाच सुताची ठेवा, आणि पहिल्या घडीत जे कापड आत जाणार आहे त्याला बोटा-बोटावर बारीक काप द्या, पहिल्या टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबणारे. फुगलेल्या भागात काप देऊ नका. तिथे काप दिले की दुमडीतून टोकं दिसायला लागतात. बाजूच्या शिवणीच्या टोकाला, जिथे पुढचं-मागचं वळण भेटतं, तिथे आतून छोटा तिकोनी तुकडा किंवा पट्टीचा जोड देऊन टाका. धुण्यात सगळ्यात आधी तीच जागा उसवते.

आता पीळ. दुमडीवर तिरक्या रेषा पडतात, कड गुंडाळल्यासारखी दिसते, ही तक्रार क्लासमध्ये सगळ्यात जास्त येते. कारण असं की खालचं कापड मशीनचे दात पुढे ओढतात आणि वरची घडी फूट मागे रोखून धरतो. सरळ कापडात हा फरक खपून जातो. उरेबात घडी तिरकी सरकत जाते आणि टीप तिला तशीच बांधून ठेवते. यावर तीन उपाय आहेत आणि मी तिन्ही एकदम करते. फुटाचा दाब कमी करायचा, वरचा स्क्रू थोडा सैल सोडायचा. पातळ कापडाला सुई ११ नंबरची, पॉपलीनला १४, आणि सुई नवी. आणि घडीला आधी हातानं कच्चा धावदोरा घालायचा किंवा टाचण्या कडेला आडव्या लावायच्या, टिपेच्या दिशेनं नव्हे. शिवताना घडी टोच्याच्या किंवा जाड सुईच्या टोकानं हळूच फुटाखाली ढकलत राहा. मागून कापड ओढू नका. दर चार-पाच इंचांवर सुई कापडात ठेवून फूट उचला, कापडाला मोकळं होऊ द्या, पुन्हा खाली टाका. घेर मांडीवरून लोंबत असेल तर त्याचं वजनच कापड ओढतं, म्हणून मशीनच्या डाव्या हाताला स्टूल किंवा खुर्ची ठेवून घेर तिच्यावर टेकवा. सुरुवात नेहमी बाजूच्या शिवणीपासून करा. उरेबाच्या मधोमध सुरू केलंत तर दोन टोकं जुळताना उरलेलं सगळं कापड तिथेच येऊन साचतं.

पिको करून देऊ का, असं सगळ्याच दुकानात विचारतात. ओढणीला, शिफॉनच्या झालरीला पिको चांगला. फ्रॉकच्या किंवा घागऱ्याच्या घेराला मी पिको टाळते, कारण उरेबाच्या चार जागी तो कापड ताणतो आणि कड तिथेच लहरायला लागते. शाळेच्या गॅदरिंगचे पंचवीस घागरे दोन दिवसांत द्यायचे असतात तेव्हा पिकोशिवाय पर्याय नसतो हे मला कळतं, रंगमंचावर ते दिसतही नाही. पण घरच्या फ्रॉकला नको.

हेमर फूट नावाचा गुंडाळी घालणारा फूट मिळतो. सरळ कडेला तो छान चालतो. वळणावर उरेब आला की त्याच्या नळीत कापड कधी कमी, कधी जास्त शिरतं. पातळ सुती कापडाला सराव करून बघा. त्याच्यावर विसंबून गिऱ्हाईकाचं काम घेऊ नका.

उरेब पट्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण घट्ट वळणाला तीच उपयोगी. पट्टी ४५ अंशांतच कापा, अंदाजानं तिरकी कापलेली पट्टी लावल्यावर पिळते. रुंदी सव्वा इंच पुरते. लावायच्या आधी इस्त्रीवर तिला वळण द्या. पट्टीचा एक काठ ताणून धरत इस्त्री केली की ती गोल होते. मग लावताना नियम असा: बाहेर फुगलेल्या कडेला पट्टी लावताना ती सैल सोडायची, किंचितही ओढायची नाही. आत गेलेल्या वळणाला, म्हणजे गळा आणि मुंढा, पट्टी थोडी ताणून लावायची. शिवून झाल्यावर शिवणीचं कापड दोन सुतांवर कापा. गळ्याला काप द्या, फुगलेल्या कडेला छोटे त्रिकोण कापून काढा. पट्टी आत वळवायच्या आधी शिवणीचं कापड पट्टीकडे ढकलून पट्टीवरच एक टीप मारा, शिवणीला खेटून. या टिपेमुळे पट्टी पुढे डोकावत नाही. ब्लाउजच्या गळ्याला तुम्ही हे करतच असाल. फ्रॉकच्या घेरालाही तेच लागू आहे, फक्त ताणायचं नाही.

पट्टीसाठी कापड तेच किंवा त्याहून पातळ घ्या. जाड खणाच्या घेराला खणाचीच पट्टी लावली की कड पुठ्ठ्यासारखी उभी राहते. मलमल किंवा पातळ अस्तर वापरा आणि ते आधी धुऊन घ्या. आपल्या भागात इचलकरंजीचं सुती कापड सहज मिळतं, पण न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. फ्रॉक आटला नाही आणि पट्टी आटली, तर तुमची सुरेख दुमड गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन चुरगळते.

खणावरून आठवलं. हल्ली गुळेदगुड्डच्या खणाचे, इरकलीचे अंब्रेला फ्रॉक शिवून मागतात आणि काठ खाली गोल लावा म्हणतात. विणलेला काठ सरळ असतो, तो गोल होत नाही. दोन इंच रुंद काठ पूर्ण गोलाला लावायचा तर त्याची खालची बाजू वरच्यापेक्षा साडेबारा इंच लांब लागेल, आणि काठाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. मग वरच्या बाजूला प्लेटी घ्याव्या लागतात, नक्षी तुटते. अशा कापडाला चुण्यांचा सरळ घेर शिवा, किंवा कळ्या अशा कापा की प्रत्येक कळीच्या खाली काठ सरळच येईल. घेर थोडा कमी पडेल, काठ मात्र अखंड राहील. गिऱ्हाईकाला कापड कापायच्या आधी हे दाखवा. काठाचा तुकडा टेबलावर गोल वळवून दाखवला की दुसरं काही सांगावं लागत नाही. खण कापल्या जागी फार सुटतो, म्हणून कापल्याबरोबर इंटरलॉक.

रेशमी किंवा अस्तर लावलेल्या घेराला हातशिलाई घालणार असाल तर दोरा एकेरी घ्या, टाका सैल ठेवा आणि पुढच्या कापडाचा एकच धागा उचला. घट्ट ओढलेला टाका पुढून खड्डा दाखवतो, विशेषतः उरेबावर. दर वीतभर अंतरानं दोरा एकदा जागच्या जागी पक्का करा, म्हणजे एक टाका तुटला तरी सगळी दुमड सुटत नाही.

आता तुमचा बिघडलेला फ्रॉक. शनिवारपर्यंत होईल. दुमड रिपरनं उसवा. हातानं ओढून फाडू नका, उरेब जागी कापड कायमचं ताणेल. दर चार-पाच टाक्यांवर एका बाजूचा दोरा कापत जा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद निघून येतो. घडीच्या जुन्या खुणांवर ओला फडका ठेवून उलट्या बाजूनं वाफ द्या. कापड सपाट होऊन थंड झालं की रात्रभर टांगा. सकाळी लांबी मोजून कड सारखी करा. बहुतेक वेळा यात अर्धा ते पाऊण इंच जातो आणि लांबी कमी पडायची भीती वाटते. अशा वेळी पुन्हा दुमडू नका, मिळत्या रंगाच्या मलमलची उरेब पट्टी लावून आत घ्या, म्हणजे फ्रॉकची लांबी फक्त शिवणीपुरती, दोनच सूत कमी होईल. पट्टीचा वरचा काठ मशीननं शिवण्याऐवजी हातशिलाईनं बसवा, पुढून जुन्या टिपेची भोकं दिसत असतील तर सुती कापडात ती बहुतेक धुण्यानंतर बुजून जातात. साटिनचा फ्रॉक असेल तर भोकं बुजत नाहीत. मग पट्टीऐवजी जुन्या टिपेच्या ओळीवर बारीक लेस लावा. लेस सुती आणि वळणारी घ्या, आणि लावताना तिचा वरचा काठ अगदी किंचित आवळून घ्या.